आकडा बदलून मशीन सरळ होत नाही

"सर, जास्त काही नको. पॅरामीटरमध्ये थोडं कॉम्पेन्सेशन टाकून द्या, रात्रपाळीला मशीन सोडायचंय."

हे वाक्य मी गेली २६ वर्षं ऐकतोय. भोसरीत ऐकलं, चाकणला ऐकलं, वाळूज आणि शिरोलीलाही ऐकलं. पूर्वी ते साध्या सीएनसी लेथपुढे उभं राहून म्हटलं जायचं. आता ते टर्न-मिल मशीनपुढे म्हटलं जातं. झेड अ‍ॅक्सिसचा प्रवास ३ मीटर, वर बी अ‍ॅक्सिसवर कलणारं मिलिंग हेड, समोर दुसरा स्पिंडल, खाली टरेट. एकदा बांधलेला जॉब टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग, सगळं होऊनच खाली उतरतो. अशा मशीनच्या पोझिशनमध्ये ४०-५० मायक्रॉनची चूक येते आणि त्यावर इलाज म्हणून कुणीतरी कीबोर्डवर एक आकडा बदलून मोकळा होतो. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

घाईत लागलेली नुसती सवय असती तर मी समजून घेतलं असतं. पण आता या सवयीला युक्तिवादाचा आधार मिळालाय आणि तो शिकलेली माणसं देतात. ते म्हणतात, आजचा कंट्रोल इतका प्रगत आहे की यांत्रिक दोष त्यानेच सांभाळायचे, नाहीतर कॉम्पेन्सेशनची सोय दिलीच कशाला? स्क्रीनवर मायक्रॉनपर्यंत पोझिशन दिसते, तीच खरी. लिनिअर स्केल बसवलेल्या मशीनला स्क्रूचा दोष लागतच नाही. चूक कधी येते, कधी जाते, म्हणजे भानगड इलेक्ट्रॉनिक्सची, कार्ड बदला. तरीही काही उरलं तर ऑपरेटरने ऑफसेट नीट घेतला नसेल. आणि शेवटचं उत्तर ठरलेलं: गेल्याच दिवाळीत लेसर करून घेतलाय, सर्टिफिकेट फाइलला आहे. यातलं प्रत्येक वाक्य मी जबाबदार माणसांच्या तोंडून ऐकलंय. यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

बॅकलॅशच्या आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पाप त्याच्या नावावर होतं. फॅनुक कंट्रोलवर हा पॅरामीटर १८५१ आणि सीमेन्सवर मशीन डेटा ३२४५०. हे दोन आकडे पाठ असलेली माणसं मला प्रत्येक कारखान्यात भेटतात; स्क्रूच्या टोकाचं कव्हर शेवटचं कधी उघडलं, हे सांगू शकणारा क्वचित भेटतो. बॅकलॅश कॉम्पेन्सेशन करतं काय? अ‍ॅक्सिसची दिशा उलटली की कंट्रोल मोटरला तेवढं जास्त फिरवतो. बस, एवढंच. स्क्रू, नट आणि बेअरिंग यांच्यातली मोकळीक जागच्या जागी राहते. हवेत डायल लावून बघितलं तर स्लाइड बरोबर ठिकाणी आलेली दिसते, पण कटर मालात शिरला की त्याचा जोर स्लाइडला त्या मोकळ्या जागेत ढकलतो, ओढतो. डाउन मिलिंग करताना तर कटर जॉबला आणि जॉब स्लाइडला खेचतो. आकड्याने पोझिशन मिळते, पण ताठपणा कुठून येणार? सैल दाताला सिमेंट लावून ऊस सोलता येतो का?

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात असंच मशीन पाहायला बोलावलं होतं. शाफ्टवरच्या खाचेची रुंदी सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. टूल डावीकडून आलं की खांद्याची लांबी एक, उजवीकडून आलं की वेगळी. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात मशीनबरोबर आलेला पॅरामीटरचा तक्ता होता, घडीवर फाटलेला. त्यात झेडचा बॅकलॅश ९. स्क्रीनवर ६४. कोणी वाढवला? कोणालाच माहीत नाही. मेंटेनन्सच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर जुने बॅकअप सापडले आणि ते एकेक करून उघडले: ९, मग २२, मग ४१, मग ६४. मशीन दोन वर्षं सांगत होतं की माझं काहीतरी सुटतंय. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडावर आणखी एक आकडा ठेवून ते गप्प केलं गेलं.

पॅरामीटर तात्पुरता शून्य केला. स्क्रूच्या टोकाचं कव्हर काढलं. टोकाला सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीसचा ठिपका लावून बेअरिंगची ८ मिलिमीटरची गोळी बसवली आणि गोळीवर डायलचं टोक टेकवलं. मॅग्नेटिक स्टँड बेडच्या कास्टिंगवर. फिटरने हँडव्हील एक मायक्रॉनच्या पायरीवर ठेवलं आणि दिशा उलटवली. स्क्रूने जागच्या जागी फिरायचं असतं. पुढेमागे त्याने सरकता कामा नये. काटा निघाला तो ५२ मायक्रॉनवर जाऊन थांबला. परत उलट फिरवलं, काटा परत ५२ मागे. म्हणजे नट ठीक होता, स्लाइड ठीक होती. अख्खा स्क्रूच थ्रस्ट बेअरिंगमध्ये मागेपुढे होत होता. लॉकनटचा ग्रब स्क्रू सुटला होता आणि नट हातातल्या पान्याने सहज फिरला. बेअरिंग काढलं तर त्याच्या धावपट्टीवर खड्डे पडलेले. सुरुवातीला, ९ चे २२ झाले तेव्हा, नुसता लॉकनट आवळून ग्रब स्क्रू पक्का केला असता तर बहुधा काम भागलं असतं. दोन वर्षं तसंच ठोकून घेतल्यावर बेअरिंगचा पूर्ण संच बदलावा लागला. नवं बेअरिंग बसल्यावर जुना ६४ तसाच ठेवला असता तर मशीन उलट बाजूला ५० मायक्रॉनच्या वर चुकलं असतं, आणि कोणीतरी नक्की म्हटलं असतं की दुरुस्तीनंतर मशीन बिघडलं.

दुसऱ्या एका मशीनवर एक्स अ‍ॅक्सिसची मोकळीक मोजली. डायल लावून हँडव्हीलच्या टिकटिकी मोजायच्या: दिशा उलटल्यावर काटा हलायला किती टिकटिकी लागतात? प्रवासाच्या दोन्ही टोकांना ६-७, मधल्या भागात २३. तिथेच वर्षानुवर्षं काम झालेलं, तिथेच स्क्रू झिजलेला. एकच आकडा टाकून हे कसं दुरुस्त होणार? १५ टाकले तर मध्ये कमी पडतात आणि टोकांना जास्त होतात. वर एक्स अ‍ॅक्सिसचा प्रोग्राम व्यासात चालतो आणि बॅकलॅशचा आकडा कंट्रोलच्या डिटेक्शन युनिटमध्ये भरायचा असतो. ते युनिट काही मशीनवर एक मायक्रॉन, काही मशीनवर अर्धा. हे न बघता आकडे भरणारे मी पाहिलेत. २० मायक्रॉन चूक म्हणून २० भरले आणि व्यासात काय झालं ते दुसऱ्या दिवशीच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये कळलं.

आता स्क्रीन. "स्क्रीनवर ४५०.००० आहे, मग मशीन ४५० लाच आहे." मोटरवरच्या एन्कोडरवर चालणाऱ्या मशीनमध्ये स्क्रीनला फक्त मोटरचा शाफ्ट किती फिरला एवढंच माहीत असतं. पुढचं कपलिंग, बेल्ट, स्क्रू, नट, स्लाइड, हेड, टूल या सगळ्यांबद्दल तो गृहीत धरून बोलतो. कपलिंग घसरलं तर स्क्रीनला पत्ता लागत नाही. स्क्रू तापून वाढला तरी स्क्रीन तोच आकडा दाखवतो. पुरावा म्हणून स्क्रीन दाखवणं म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्याचीच साक्ष काढणं.

"पण आमच्या मशीनला स्केल आहे." हे वाक्य सगळ्यात आत्मविश्वासाने म्हटलं जातं. स्केल उत्तम गोष्ट आहे, मोठ्या मशीनला ती हवीच. पण ती स्लाइड कुठे आहे ते मोजते, आणि तेही स्केल जिथे बसवलीय त्या रेषेवर. टूलचं टोक त्या रेषेवर नसतं. येना इथल्या कार्ल झाइसच्या कारखान्यात काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये हे तत्त्व मांडलं की मोजपट्टी मोजायच्या वस्तूच्याच रेषेत असावी, नाहीतर मधला थोडासा कलही चूक बनून येतो. एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. १ मीटर अंतरावर तो जवळपास ५ मायक्रॉन होतो. टर्न-मिल मशीनमध्ये स्केलपासून टूलच्या टोकापर्यंत ६०० मिलिमीटर सहज असतात. सॅडल १० आर्कसेकंद कललं की २९ मायक्रॉन गेले, आणि स्केल बिचारी अगदी खरं बोलतेय! बी अ‍ॅक्सिसच्या केंद्रापासून टूलचं टोक ५०० मिलिमीटर असेल आणि बी ०.००३ अंशाने चुकला असेल, तर टोक २६ मायक्रॉन सरकतं. ही चूक एक्स, वाय, झेडपैकी कोणत्याही स्केलवर दिसत नाही.

याहून वाईट म्हणजे स्केलमुळे दोष झाकला जातो. स्केल आणि स्लाइडच्या मध्ये मोकळीक नसते, मोटर आणि स्लाइडच्या मध्ये असते. मग सर्वो स्केल बघून ती मोकळीक भरून काढत राहतो, अ‍ॅक्सिस उभ्या उभ्या थरथरते, मोटर गरम होते. तेव्हा काय केलं जातं? गेन कमी करतात. थरथर थांबते आणि गोलाई बिघडते. रीडर हेडच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट सैल असला तरी हाच खेळ. कूलंटच्या वाफेने स्केलच्या आत थर बसला असेल तर पर्ज एअरची नळी बघायला हवी. त्याऐवजी स्केल कंपनीला शिव्या दिल्या जातात.

एका मशीनवर छोटी धडक झाली होती, कुणी लिहून ठेवली नव्हती. त्यानंतर बी शून्यावर असताना सगळं बरोबर आणि ९० वर नेलं की झेडमध्ये ३० मायक्रॉनची चूक. दोन महिने प्रत्येक टूलला दोन ऑफसेट ठेवून काम चाललं. मास्टर बार स्पिंडलमध्ये लावून बी ० आणि बी ९० वर डायलने स्पर्श केल्यावर अर्ध्या तासात कळलं की हेडचं केंद्र सरकलंय आणि केंद्राची लांबी सांगणारा पॅरामीटर जुनाच आहे. अर्धा तास कोणाकडे नव्हता, दोन महिने होते.

"चूक कधी येते, कधी जाते" या वाक्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्यानेच सगळ्यात जास्त खर्च होतो. मशीनला लहर नसते. क्रॅनफिल्डला प्रिसिजन इंजिनिअरिंगचं काम उभं करणारे लॉक्सहॅम आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले जेम्स ब्रायन यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की आपोआप चालणारं यंत्र कार्यकारणाच्या नियमानेच चालतं. ज्याला आपण अनियमित म्हणतो, ती आपण न शोधलेली कारणं असतात. हे विधान त्यांनी नुसतं मांडलं नाही, त्यावर मशीनं बांधली. आपण मात्र "इंटरमिटंट आहे" असं लिहून मोकळे होतो.

चुकीच्या आकाराकडे, मापाकडे बघितलं तरी ती बोलते. झेड एकदम बरोबर ०.२५० ने सरकतो, परत तेवढाच. स्क्रूची लीड १० मिलिमीटर आणि स्क्रूच्या पुलीला ४० दात असतील तर एक दात म्हणजे पाव मिलिमीटर. टायमिंग बेल्ट दात उडवतोय, बेल्टचा ताण बघा, तिथे कार्ड काय करणार? होम घेतल्यावर अख्ख्या लीडचा फरक पडतो? मग रेफरन्सचा डॉग आणि मार्कर पल्स एकमेकांच्या फार जवळ आलेत. कधी हा पल्स पकडला जातो, कधी पुढचा. चूक एकाच दिशेने साचत जाते? कपलिंग घसरतंय, किंवा एन्कोडरच्या केबलला चेनच्या वाकणात तडा गेलाय. दिशा उलटली की येते आणि परत उलटली की जाते? मोकळीक. आणि दिवसाच्या ठरावीक वेळी वाढते, ठरावीक वेळी कमी होते? ते तापमान.

हे शेवटचं मला एका ऑपरेटरच्या वहीने शिकवलं. चाकणजवळ एका शेडमध्ये एक्सचा व्यास दुपारी बिघडतो म्हणून ओरड होती. दोन कार्डं बदलून झाली होती. ऑपरेटरवर मेमो निघाला होता. त्याच्याकडे एक शाळकरी रेघांची वही होती, तेलाने कडा काळ्या झालेल्या. प्रत्येक जॉबनंतर किती ऑफसेट दिला ते तो त्यात लिहायचा. सकाळी ८ ला पहिल्या जॉबला काही नाही, मग वजा ६, वजा ५, वजा ८, साडेअकरापर्यंत मिळून वजा ४० च्या आसपास आणि मग आकडा स्थिर. साडेबाराला जेवणाची सुट्टी. एक वाजता पहिला जॉब अधिक २५, दुसरा अधिक १०, नंतर पुन्हा वजा. पाच आठवड्यांची पानं, सगळी अशीच. याला अनियमित म्हणायचं? स्क्रू चालून तापत होता, अर्ध्या तासाच्या सुट्टीत निवत होता. त्या माणसाने हाताने उष्णतेचा आलेख काढून ठेवला होता, आणि त्याच्याच हातात मेमो होता. जेवणाच्या सुट्टीतही अ‍ॅक्सिस कव्हर बंद ठेवून हवेत फिरवत ठेवायला सांगितलं. पहिल्याच दिवशी दुपारचे जॉब मापात आले. पुढे स्क्रूला कूलिंग आणि एक्सला स्केल बसली, ती वेगळी गोष्ट. ऑपरेटरवर खापर फोडण्याआधी त्याची वही मागा. अ‍ॅक्सिसचा आवाज बदलल्याचं पहिल्यांदा त्यालाच कळतं.

तापमानाबद्दल आपल्याकडे जी बेफिकिरी आहे तिला मी अडाणीपणाच म्हणेन. पोलाद १ मीटरला दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. मोजमापाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २० अंश, ते १९३१ मध्ये ठरलं. आपल्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ३८ असतात. ३२ अंशावर कापलेला १ मीटरचा शाफ्ट २० अंशाच्या सीएमएम खोलीत निवल्यावर १३८ मायक्रॉन आखूड मोजतो. मशीन चुकलं नाही, शाफ्ट चुकला नाही. तरी रिपोर्ट लाल. ३ मीटर लांबीचा स्क्रू ५ अंशाने तापला की १७० मायक्रॉनच्या वर वाढतो. १९९० मध्ये ब्रायन यांनी सीआयआरपी या उत्पादन अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेपुढे आढावा मांडला. त्यात अचूक कामातल्या चुकांपैकी ४० ते ७० टक्के तापमानाच्या खात्यात गेल्या होत्या. इतका मोठा वाटा असलेल्या कारणाकडे न बघता आपण कोणता आकडा बदलत असतो? मशीनच्या डोक्यावरचा पारदर्शक पत्रा, पश्चिमेच्या खिडकीतून बेडच्या एकाच बाजूवर पडणारं ऊन, शेजारी उघडं राहिलेलं शटर, कूलंटच्या टाकीचं तापमान, हे सगळं मोजायला १०० रुपयांचा थर्मामीटरसुद्धा सुरुवातीला पुरतो.

सगळ्यात धोकादायक प्रकार अलार्मचा. फॅनुकवर ४१० आणि ४११: एक सांगतो की थांबलेली अ‍ॅक्सिस जागेवर नाही, दुसरा सांगतो की चालती अ‍ॅक्सिस हुकमाच्या मागे जास्त पडलीय. चालताना काही मागे पडणं साहजिकच आहे. पोझिशन लूपचा गेन सेकंदाला ३० असेल आणि अ‍ॅक्सिस मिनिटाला ६ मीटरने जात असेल तर ती ३.३ मिलिमीटर मागे असते, आणि अलार्मची मर्यादा हे धरूनच ठरवलेली असते. लोक काय करतात? पॅरामीटर १८२८ आणि १८२९ मधली मर्यादा दुप्पट करतात. अलार्म येणं बंद. मी अशा एका मशीनचं वे कव्हर उघडलं तेव्हा ल्युब्रिकेशनच्या मीटरिंग व्हॉल्व्हपैकी दोन चोंदलेले निघाले, सॅडलखालचं टर्साइट कोरडं पडून फाटलं होतं आणि बेडवर हाताला लागतील इतके ओरखडे. घर्षण वाढलं म्हणून अ‍ॅक्सिस मागे पडत होती, म्हणून अलार्म येत होता. ज्याने मर्यादा वाढवली त्याने काय दुरुस्त केलं? सर्वोच्या लोड मीटरवर आणि पोझिशन एररच्या डायग्नोस्टिक पानावर दोन मिनिटं नजर ठेवली असती तरी ओढ दिसली असती. अलार्मची मर्यादा निर्मात्याच्या तक्त्याबाहेर नेणाऱ्याकडून कारण लेखी घ्यावं, असं माझं मत आहे. त्यात मी तडजोड करणार नाही.

कार्डाबद्दल फार लिहीत नाही. कार्डं बिघडतात, ड्राइव्ह बिघडतात, हे खरं. पण दोन अ‍ॅक्सिसना एकाच जातीची मोटर असेल तर केबल आणि ड्राइव्ह आलटूनपालटून लावून दोष बरोबर जातो का ते बघता येतं. नवं कार्ड मागवण्याआधी हे करणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

उरलं लेसरचं सर्टिफिकेट. आयएसओ २३०-२ प्रमाणे २ मीटरपर्यंतच्या अ‍ॅक्सिसला प्रत्येक बिंदूवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा यायचं असतं, म्हणजे अचूकता, पुनरावृत्ती आणि दिशेतला फरक तिन्ही वेगळे दिसतात. किती जण तो आलेख बघतात? खाली लिहिलेला एक आकडा वाचतात आणि फाइल मिटतात. लेसरची तरंगलांबीही हवेवर अवलंबून असते; हवेच्या दर अंशाला मापात मीटरमागे सुमारे एक मायक्रॉन फरक पडतो, म्हणून हवेचं तापमान, दाब, आर्द्रता आणि मशीनचं तापमान द्यावं लागतं. तापमानाचा सेन्सर कूलंटच्या टाकीजवळ चिकटवला तर अख्खा कॉम्पेन्सेशनचा तक्ताच वाकडा भरला जातो. शिवाय लेसर एकाच रेषेवर मोजतो, एकाच उंचीवर, कटरचा जोर नसताना. त्या दिवशी, त्या रेषेवर मशीन कसं होतं एवढंच तो सांगतो.

आणि लेव्हल? पुण्याच्या आजूबाजूला, मराठवाड्यात, सोलापूरकडे काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फाउंडेशन उथळ असेल तर ते हलतं. लांब बेड मीटरला ०.०२ मिलिमीटरने जरी पिळलं गेलं तरी वरच्या उंच हेडपर्यंत तो पीळ मोठा होऊन पोहोचतो. वाकलेल्या बेडवर लेसर लावून भरलेलं कॉम्पेन्सेशन म्हणजे वाकडेपणा कायम करणं. लेव्हल पुन्हा सरळ केली की तो तक्ता खोटा ठरतो. तरी लेसर करायला आलेल्याला "लेव्हल नको, नुसता लेसर मारा" असं सांगितलं जातं. मला सांगितलं गेलंय.

"वेळ नाही" हा युक्तिवाद मी समजू शकतो; डिस्पॅच अडकला की माणसाची झोप उडते. पण वेळेचा हिशोब मांडायचाच तर पूर्ण मांडा. त्या झेडच्या मशीनचं बेअरिंग बदलायला दीड दिवस लागला. त्याआधीच्या दोन वर्षांत रोज सकाळी पहिला जॉब मापात बसवायला किती वेळ गेला? किती टूल ऑफसेट, किती इन्सर्टचे प्रयोग, किती रिवर्क?

म्हणून मी पुन्हा सांगतो, आणि कोणत्याही मीटिंगमध्ये सांगेन. कॉम्पेन्सेशन हे शेवटचं काम आहे. आधी लेव्हल, मग भूमिती, मग लॉकनट, बेअरिंग, कपलिंग, बेल्ट, गिब, ल्युब्रिकेशन, मग मशीन गरम करून पुनरावृत्ती, मग सर्वो, आणि या सगळ्यात काही उरलं तरच मोजलेला आकडा, मोजल्याच्या तारखेसह, मोजणाऱ्याच्या नावासह. हा क्रम उलटवणारा माणूस मशीन दुरुस्त करत नाही, मशीनने दिलेला पुरावा पुसतो. पुनरावृत्ती नीट नसताना आकडा भरायचा अधिकार कोणालाही नाही. मेंटेनन्स मॅनेजरला नाही, सर्व्हिस इंजिनिअरला नाही, मलाही नाही.

त्या कारखान्यात बेअरिंग बसल्यावर झेडची मोकळीक तीन ठिकाणी मोजली: १०, ११, ११. पॅरामीटरमध्ये ११ भरले. प्रॉडक्शनचे साहेब पॅनेलपाशीच उभे होते. त्यांनी ग्राहकाच्या तक्रारींची फाइल मागवली. खाचेच्या भिंतीवर लाटा येतात अशी पहिली तक्रार कधीची, आणि पेनड्राइव्हवर ९ चे २२ झाल्याची फाइल कधीची? त्यांनी बोट ठेवून दोन्ही तारखा वाचल्या. मधे तीन आठवडे. त्या तक्रारीवर इन्सर्टचा ग्रेड बदलला होता, मग होल्डर, मग कूलंट. साहेबांनी फाइल मिटली आणि विचारलं, "तोपर्यंत किती शाफ्ट गेले असतील?" कोणी उत्तर दिलं नाही. फिटरने पॅनेलच्या दाराच्या खिशातला फाटका तक्ता काढला, नव्या कागदावर ११ लिहिलं, तारीख घातली आणि खाली सही केली.